खाडीपलीकडची बाय



सुट्टी जवळ आली की शिक्षकांच्या खोलीत एकच विषय असतो, यंदा कुठे? निम्मे जण गोव्याचे नाव घेतात. समुद्र पाहायचा, जुनी चर्च पाहायची, माडांखाली फोटो काढायचे आणि परत यायचे. या वेळी आम्हीही कागद घेऊन बसलो. पाच माणसांचे जाणे-येणे, राहणे, खाणे. बेरीज झाली आणि कागदाची घडी करून तो कपाटात ठेवून दिला. अम्मी जवळच बसून तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "समुद्र, माड आणि चर्चच बघायची असतील तर मनोरीला चला. तिकडे बायसुद्धा आहे."

बाय म्हणजे आमची जुनी शेजारीण. वांद्र्याला चिंबईच्या बाजूला आम्ही भाड्याने राहत होतो, तेव्हा त्यांचे घर आमच्या भिंतीला लागून होते. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंब. अम्मी त्यांना बाय म्हणायच्या, त्या अम्मींना भाभी म्हणायच्या, आणि आम्हा मुलांच्या त्या आंटी. आमच्याकडून ईदला शीरखुर्मा जायचा, त्यांच्याकडून नाताळला ताट यायचे. पुढे ती घरे पाडून तिथे इमारत उभी राहिली. आम्ही स्टेशनच्या बाजूला आलो आणि त्या माहेरच्या गावी, मनोरीला, राहायला गेल्या. त्याला नऊ वर्षे झाली. फोन होत राहिले, भेट मात्र झाली नाही. वांद्र्याहून मनोरी सरळ रेषेत वीस किलोमीटरही नाही. दुबईच्या नातेवाइकांना आम्ही या नऊ वर्षांत चार वेळा भेटलो होतो.

तर जानेवारीतल्या एका शनिवारी, शाळेला सुट्टी होती म्हणून, आम्ही निघालो. आम्ही दोघे, आठवीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि अम्मी. वांद्र्याहून धीमी लोकल धरून मालाड, मालाडहून बेस्टच्या बसने मार्वे आणि मार्वेच्या धक्क्यावरून बोट. तिकीट फार नाही. बोटीत माणसे चढतात, माणसांबरोबर मोटारसायकली चढतात, भाजीच्या पाट्या आणि मासळीच्या टोपल्या चढतात. ओहोटी असेल तर धक्क्यापाशी चिखल असतो, तेव्हा जपून. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडचा काठ येतो.

नकाशात पाहिलेत तर मनोरीची खाडी आणि वसईची खाडी यांच्यामध्ये, समुद्राच्या कडेने, जमिनीची एक लांबट पट्टी दिसते. दक्षिणेला मनोरी, मधे गोराई, उत्तरेला उत्तन. जुन्या कागदपत्रांत हिचे नाव धारावी बेट. माहीमजवळची धारावी वेगळी, ही वेगळी. आता भाईंदरहून उत्तनला रस्ता येतो, त्यामुळे बेट म्हणायला पूर्वीसारखे बेट राहिलेले नाही. पण मुंबईच्या बाजूने येणाऱ्याला अजूनही पाणी ओलांडावेच लागते. मनोरी आणि गोराई मुंबई महापालिकेत, उत्तन मीरा-भाईंदरमध्ये. गावे बहुतांशी ख्रिस्ती आहेत. कोणी मासेमारी करणारे, कोणी शेती करणारे. सोबत हिंदू कोळी आणि इतरही वस्ती आहे.

बोट सुटली आणि मुलीने दादीला विचारले, "आंटींकडून नाताळला काय काय यायचं?"

अम्मींनी यादी सांगितली. कलकल, नेवऱ्या, नारळाची वडी आणि केकचे चार तुकडे.

"केक कसा असायचा?"

अम्मी पाण्याकडे पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "माहीत नाही. आम्ही कधी खाल्लाच नाही."

मुलगी आमच्याकडे पाहू लागली. आम्हाला ते माहीत होते, लहानपणापासून. नाताळचे ताट घरात आले की अम्मी ते झाकून ठेवत आणि संध्याकाळी दूधवाल्याच्या हाती देत. नाताळच्या केकमध्ये दारू घालतात असे ऐकलेले. तळण कशाचे असेल, कोण जाणे. शंकेची गोष्ट खाऊ नये हे आपल्याला शिकवलेले आहे आणि ते बरोबरच आहे. पण ताट परत देताना, त्यात साखर किंवा खजूर घालून, अम्मी दर वर्षी म्हणायच्या, "बाय, केक फार छान झाला होता." आणि मागे उभे राहून आम्ही मुले मान डोलवायचो.

"म्हणजे तुम्ही खोटं बोलायचात?" चौथीतल्या मुलाने विचारले. बोटीत बरीच माणसे होती. उत्तर कोणी दिले नाही.

मनोरीच्या धक्क्यावर उतरून दिवसभरासाठी रिक्षा ठरवली आणि आधी उत्तन गाठायचे असे केले. आंटींनी फोनवर सांगितले होते, "आधी सगळं बघून या. जेवायला दीड वाजता माझ्याकडे. बाहेर काही खाऊ नका." रस्ता माडांतून, वाड्यांतून आणि भाजीच्या वाफ्यांतून जातो. एका बाजूला तिवरांची झाडी, मधेच समुद्राची चकाकी. कितीतरी घरांच्या दारावर नाताळचा चांदणीचा कंदील अजून लटकत होता. वळणावळणावर पांढरे क्रूस. आमच्या वांद्र्याच्या गल्ल्यांतही असे क्रूस आहेत. त्यांतले अनेक १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळात, साथीपासून रक्षण व्हावे म्हणून लोकांनी उभे केले. रोज त्यांच्या बाजूने जातो, कधी थांबून पाहत नाही.

उत्तन जवळ आले की आधी वास सांगतो. मुलाने नाक दाबले, अम्मींनी त्याच्या हातावर चापट मारली. "ज्यांचं पोट त्याच्यावर चालतं, त्यांच्यासमोर नाक दाबायचं नाही." समोर बांबूच्या काठ्यांचे मांडव, एकामागे एक, आणि त्यांवर बोंबील वाळत घातलेले. जवळून पाहिले तर दोरी नाही, खिळा नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी काठीवर टाकलेली असते. ओल्या बोंबलात पाणीच फार. उन्हात आणि समुद्राच्या वाऱ्यात ते उडून जाते आणि उरतो तो आपल्या पावसाळ्याच्या डब्यातला सुका बोंबील. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून थंडी-उन्हाळ्यातच पुढची बेगमी करायची. मांडवाखाली बसून काम करणाऱ्या एका बाईंना आम्ही विचारले, फोटो काढू का? म्हणाल्या, "माशांचा काढा, माझा नको." आम्ही माशांचाच काढला.

उत्तनला वेलंकनी मातेचे स्थान आहे. मूळचे वेलंकनी तमिळनाडूत, नागपट्टिणम जिल्ह्यात. तिथल्या मरियमच्या नावाने हे. ८ सप्टेंबर हा मरियमचा जन्मदिवस मानतात, तेव्हा इथे मोठी गर्दी असते. त्याच सुमारास आमच्याकडे मोत मावलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा भरते आणि आठवडाभर वांद्र्यात रिक्षा मिळत नाही. त्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे, बाळे विकायला असतात आणि विकत घेणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसे असतात, हे वांद्रेकरांना सांगायला नको.

दारात मुलांनी प्रश्न केला, आपण आत जायचे का? याबाबत उलमांची मते सारखी नाहीत. आम्ही घरात असे ठरवले आहे की प्रार्थना चालू नसेल, कोणाला अडचण नसेल, तर शांतपणे पाहावे. आपली इबादत आपली, त्यांची त्यांची. तिच्यात भाग घ्यायचा नाही आणि तिच्यावर शेरे मारायचे नाहीत. ज्यांच्या मनाला आत जाणे पटत नाही त्यांनी बाहेर थांबावे. अम्मी बाहेरच्या बाकावर बसल्या. आम्ही मुलांना घेऊन आत एक फेरी मारून आलो.

बाहेर आल्यावर अम्मींनीच मुलांचा तास घेतला. "ह्या ज्यांचं नाव घेतात, त्या आपल्या बीबी मरयम. कुरआनात नावानिशी उल्लेख आलेली बाई एकच, ती मरयम. एकोणिसावी सूरह त्यांच्याच नावाची." मग त्यांनी गोष्ट सांगितली. बीबी मरयम प्रसूतीच्या वेदनांनी एकट्या खजुरीच्या झाडाखाली आल्या, तेव्हा त्यांना धीर देण्यात आला की झाड हलव, ताजे खजूर पडतील. मुलगा वर माडाकडे बघून म्हणाला, "इथे हलवलं तर नारळ पडेल." हसू आले, पण गोष्ट त्याच्या लक्षात राहिली, एवढे पुरे.

आम्ही तिला दुसरी गोष्ट जोडली. मक्केत मुसलमानांचा छळ वाढला तेव्हा काही जण समुद्र ओलांडून हबशा देशात गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. त्याच्या दरबारात हजरत जाफर यांनी सूरह मरयमचाच भाग वाचून दाखवला आणि राजाने या पाहुण्यांना परत पाठवायला नकार दिला. आणि नजरानचे ख्रिस्ती मदिनेत आले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मस्जिदे नबवीत उतरवून घेतले, असे सीरतच्या ग्रंथांत येते. श्रद्धेत फरक होता, तो दोन्ही वेळा उघड बोलला गेला. लपवाछपवी झाली नाही आणि पाहुणचारही थांबला नाही. हे सांगताना अम्मी खाली मातीकडे पाहत होत्या.

उत्तनच्या पुढे, चौक गावाच्या बाजूला, जुन्या धारावी किल्ल्याची जागा आहे. वसईच्या खाडीचे तोंड इथून दिसते. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि साष्टीचा हा सगळा भाग तहाने पोर्तुगिजांना दिला. पुढची दोनशे वर्षे ही किनारपट्टी त्यांची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी आधी हे ठाणे घेतले आणि मग वसई. मराठ्यांनंतर इंग्रज आले. राज्ये बदलली, पण सोळाव्या शतकात ख्रिस्ती झालेली ही गावे तशीच राहिली आणि त्यांची बोलीही मराठीच राहिली. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, इथल्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःला ईस्ट इंडियन हे नाव घेतले. नोकऱ्यांसाठी गोवा-मंगळूरकडून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी, हे त्याचे मुख्य कारण. नाव इंग्रजी, आडनावे पोर्तुगीज, घरातले बोलणे मराठी.

आम्हा कोकणी मुसलमानांना यात नवल वाटू नये. आमचेही तसेच आहे. धर्म समुद्रावरून आला, भाषा या मातीची राहिली. रिक्षात मुलांना आम्ही एक खेळ दिला: पोर्तुगिजांकडून आलेले शब्द ओळखा. पाव, पगार, चावी, बटाटा, काजू, अननस, घमेले. मुलगी म्हणाली, "म्हणजे अब्बांचा पगार पोर्तुगीज!" मग उलट खेळ: अरबी-फारसीतून आलेले. दुकान, किनारा, हवा, जमीन. आणि आमचे वांद्रे? तेही फारसी ‘बंदर’वरून आले असे बरेच जण सांगतात. इंग्रजीतला ‘मान्सून’सुद्धा अरबी ‘मौसिम’ पोर्तुगिजांच्या तोंडातून पुढे गेला तो. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्याला एवढी मेजवानी एका रिक्षात कुठे मिळणार?

परतीच्या वाटेवर गोराई. इथल्या चर्चचे नाव तीन राजांवरून आहे. हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्या जन्मानंतर पूर्वेकडून जे ज्ञानी लोक भेटायला आले असे ख्रिस्ती मानतात, ते हे. त्यांना इंग्रजीत ‘माजाय’ म्हणतात, आणि आपल्या अरबी-उर्दूतला ‘मजूस’ हा शब्द त्याच मुळाचा. गोराईलाच सोनेरी रंगाचा विपश्यना पॅगोडा आहे. २००९ मध्ये तो खुला झाला. मधे एकही खांब नसलेल्या त्या घुमटाखाली आठ हजार माणसे बसू शकतात. आम्ही तो लांबूनच पाहिला, कारण घड्याळ दीडकडे चालले होते आणि आंटींना वाट पाहायला लावायची अम्मींची तयारी नव्हती.

मनोरीत आंटींचे घर चर्चपासून आतल्या गल्लीत. ओटा, ओट्यावर लाकडी बाक, दारात विहीर. त्या दारातच उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले. "काय गो भाभी, मेल्यावर येणार होतीस?" अम्मी काही बोलल्या नाहीत. दोघी एकमेकींचे हात धरून तशाच उभ्या राहिल्या.

आम्ही वुजू करून आलो तोवर त्यांनी आतल्या खोलीतली खाट बाजूला ओढली होती. "इथे भिंतीला काही लावलेलं नाही. तुमची दिशा समुद्राकडे ना? समुद्र इकडे." नऊ वर्षांनंतरही त्यांच्या लक्षात होते. आम्ही जोहर तिथेच अदा केली. मुलीने विचारले, आपण मुसाफिर, मग कसर? नाही बेटा, एवढ्याशा अंतरात कसर नाही, पूर्ण चार रकात.

मग जेवण. तांदळाच्या भाकऱ्या, तळलेली सुरमई, कोलंबीचे कालवण आणि फुगे म्हणजे मैद्याचे गोल, फुगवून तळलेले पाव. आंटी म्हणाल्या, "आज घरात फक्त मासळी. मासळीला तुमचं कापणं लागत नाही, हे मला माहीत आहे. फुग्यांत पूर्वी ताडी घालायचे, आज मी खमिराची पावडर घातली. कढई नवीन नाही, पण तिच्यात डुकराचं कधी केलेलं नाही, त्याची वेगळी आहे." आम्ही शाफई असल्यामुळे कोलंबीचाही प्रश्न नव्हता. कालवणात त्यांचा बॉटल मसाला होता. उन्हाळ्यात बायका पंचवीस-तीस जिन्नस भाजून, कुटून तो करतात आणि काळपट बाटल्यांत ठासून भरतात, म्हणजे उजेड लागत नाही आणि वास टिकतो. पूर्वी त्या बाटल्या बियरच्या असायच्या. हे सांगून आंटी स्वतःच हसल्या. "ह्या सरबताच्या आहेत, घाबरू नका."

त्यांनी न विचारता इतके सगळे सांगितले आणि अम्मींचा हात भाकरीवरच थांबला.

"बाय, एक सांगायचं आहे," अम्मी म्हणाल्या. "तू नाताळला ताट पाठवायचीस. आम्ही ते कधी खाल्लं नाही. एकदाही नाही. मी तुला छान झालं म्हणायचे, ते खोटं होतं."

खोलीत कोणी बोलेना. मुलाने सुरमईचा तुकडा तसाच हातात धरून ठेवला होता.

"किती वर्षं?" आंटींनी विचारले.

"सगळी. तेवीस."

"मग कोणाला द्यायचीस?"

"दूधवाल्याला."

आंटी जरा वेळ गप्प बसल्या. मग त्यांना हसू फुटले. "तरीच! तरीच तो मेला दर नाताळला मला दारात येऊन हॅपी क्रिसमस म्हणायचा. मला वाटायचं, किती भला माणूस!" आम्ही सगळेच हसलो. पण हसणे थांबल्यावर त्यांनी जे म्हटले ते इथे जसेच्या तसे लिहितो.

"खाल्लं नाहीस त्याचं वाईट नाही वाटत. तुमचं तुम्हाला. पण विचारलं का नाहीस? केकात वाइन होती, खरं आहे. मी तुमच्यापुरता बिनवाइनचा केला असता. भिंतीला भिंत होती भाभी. कलकलांत तर काहीच नव्हतं. मैदा, अंडं, नारळाचं दूध, साखर. ते तरी पोरांना द्यायचं होतंस. मी एकेक कलकल फणीवर वळायची, तुझ्या पोरांसाठी म्हणून."

अम्मींना रडू आले. आंटींनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "आता ही तरी खा."

वाचकहो, हा प्रसंग लिहावा की नाही यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. अम्मीच म्हणाल्या, लिहा. आपल्यापैकी किती घरांत हेच चालते! शेजाऱ्याकडून ताट येते, आपण झाकून ठेवतो, कोणाला तरी देऊन टाकतो आणि वर स्तुती करतो. आपल्याला वाटते, आपण त्यांचे मन राखले. हराम टाळणे, शंकेचे सोडणे, यात काही चुकले नाही. तो आपला दीन आहे आणि त्यात मागेपुढे होण्याचे कारण नाही. चुकले ते पुढचे. त्या खोट्या स्तुतीमुळे दरवर्षी कोणीतरी आपल्यासाठी रात्री जागून काहीतरी करत राहिले आणि ते कुठे जात होते हे त्यांना कळलेच नाही. आणि दारूच्या शंकेपायी जे निर्मळ होते तेही आमच्या तोंडात गेले नाही. एक साधा प्रश्न पुरला असता: "बाय, यात काय काय घातलंस गं?" बायका एकमेकींना हा प्रश्न रोज विचारतातच.

प्रेषितांनी (स.) रस्सा करताना पाणी जास्त घाला आणि शेजाऱ्याची आठवण ठेवा, असे शिकवले. आपण देण्याचा भाग नीट पाळतो. बकरी ईदचे वाटे, शीरखुर्म्याचे डबे. घेणे मात्र आपल्याला जमत नाही. घेण्यासाठी विचारावे लागते, स्वतःचे नियम नम्रपणे सांगावे लागतात. ते सांगितले तर शेजारी बहुतेक वेळा खाटसुद्धा ओढून देतो.

दुपारी आंटींनी आम्हाला गाव दाखवले. त्यांच्या लहानपणी सगळ्या बायका नऊवारी लुगडे नेसायच्या. आता ते लग्नात आणि सणालाच दिसते. ईस्ट इंडियन समाजाने मनोरीत आपल्या जुन्या वस्तूंचे एक लहानसे संग्रहालयही मांडले आहे. जायचे असेल तर वेळ आधी विचारून जावे. आंटी म्हणाल्या, गावात मोठे दुखणे आले की अजून पाण्याकडे आणि बोटीच्या वेळेकडे बघावे लागते. पुलाची चर्चा होते तेव्हा म्हाताऱ्यांना तो हवासा वाटतो, आणि पूल झाला की वांद्र्यासारखी इथलीही घरे पडतील, अशी भीतीही त्यांनाच वाटते. चिंबईच्या बाजूचे ते घर त्यांनी आणि आम्ही दोघांनीही पाहिले होते, त्यामुळे यावर कोणी वाद घातला नाही.

असरला आम्ही किनाऱ्यावर होतो. सुट्टीच्या दिवशीही निवांत जागा मिळाली. चादर अंथरली, समोर समुद्र आणि त्याच्याच दिशेला किब्ला, थोडा उत्तरेकडे झुकलेला. आंटी आणि अम्मींच्या चपला शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. नमाज होईपर्यंत आंटी मुलाला घेऊन शिंपले वेचत बसल्या.

कोणाला जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. ऑक्टोबर संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत हवा चांगली. सकाळी लवकर निघा आणि शेवटच्या बोटीची वेळ जातानाच विचारून ठेवा. सोबत पिण्याचे पाणी आणि जानमाज असू द्या. बाहेर खायचे झाल्यास मासळी मागा. तेल आणि भांडी यांबद्दल सरळ विचारा, कोणी रागावत नाही. समुद्रात आत जाऊ नका, ओढ जोरात असते. मुलांना घोट्यापर्यंतच्या पाण्यापुढे सोडू नका. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा पाहायला जाऊ नका. वाळत घातलेल्या मासळीला हात लावू नका. आणि कचरा परत आणा. गाव कोणाचे तरी घर आहे.

निघताना अम्मींनी नेलेला खजुराचा डबा आंटींनी परत दिला, आणि रीतीप्रमाणे तो रिकामा नव्हता. नाताळचे कलकल होते. "विचार, काय काय घातलंय ते विचार," आंटी म्हणाल्या. अम्मींनी विचारले. आंटींनी एकेक जिन्नस बोटांवर मोजून सांगितला, तळणाच्या तेलासकट.

रमजान ईदला आंटी वांद्र्याला यायचे म्हणाल्या आहेत. इन्शाअल्लाह, येतील. मार्व्याचा धक्का दिसायला लागला तेव्हा अम्मींनी डबा उघडला, बिस्मिल्लाह म्हणून एक कलकल तोंडात टाकला आणि मग डबा मुलांकडे दिला.

"कसा आहे?" मुलाने विचारले.

"थोडा जास्त गोड आहे," अम्मी म्हणाल्या. "फोन करून तसं सांगणार आहे तिला."